वटवाघळांच्या जाती आणि आपले दोन शब्द

फ्रीगंजातील टॉवर चौकात सायंकाळी फिरावयास आलेल्या मनुष्यास मान वर करून आकाशाकडे पाहण्याचे सहसा काही कारण पडत नाही. खाली खाण्यापिण्याच्या गाड्या असतात, वाहनांचा कोलाहल असतो, ओळखीची माणसे भेटतात. तथापि दिवेलागणीच्या सुमारास त्याने क्षणभर वर पाहिले, तर दिव्यांच्या उजेडालगत काही चिमुकले जीव वेड्यावाकड्या गिरक्या घेत असलेले त्यास दिसतील; आणि त्यांच्याही पुष्कळ वरून, संथपणे पंख हलवीत, एकाच दिशेने जाणारी काही मोठी काळी शरीरे दिसतील. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाची तालीम आटोपून विद्यार्थ्यांसह आम्ही ह्या रस्त्याने परतत होतो. सहावीतील एका मुलाने विचारले, "सर, ही खालची लहान ती वरच्या मोठ्यांची पिल्ले का?" आम्ही म्हणालो, "नाही रे, दोन्ही वटवाघळेच," आणि पुढे चालू लागलो.

आमचे उत्तर खोटे नव्हते. पण त्याने मुलाच्या शंकेचे समाधानही झाले नव्हते. वरून जाणाऱ्या प्राण्याचे वजन एक किलोच्या आसपास असते, पंखांचा विस्तार चार फुटांहून अधिक असतो आणि तो फळे व मध ह्यांवर जगतो. खाली गिरक्या घेणारा प्राणी चारपाच ग्रॅमचा, आगपेटीत मावेल एवढा असतो आणि तो केवळ कीटक खातो. एकाचा चेहरा कोल्ह्यासारखा, डोळे टपोरे. दुसऱ्याचे डोळे मोहरीएवढे. एक डोळ्यांनी वाट काढतो, दुसरा कानांनी. वजनात दोनशेपट अंतर असलेल्या आणि अन्न, निवारा, इंद्रिये ह्यांपैकी कशातही साम्य नसलेल्या दोन प्राण्यांस आम्ही एका शब्दात गुंडाळले. हा दोष आम्हा एकट्याचा नाही, तो आपणा सर्वांच्या बोलण्याचा आहे. आणि त्यापासून प्रत्यक्ष हानी कशी होते, हे पुढे आम्हांस स्वतःच्या अनुभवाने कळले. तो अनुभव योग्य स्थळी सांगू. तत्पूर्वी ह्या प्राण्यांच्या जाती किती, त्या उष्ण कटिबंधातच इतक्या का, आणि त्या एकमेकींच्या शेजारी कशा नांदतात, हे पाहणे इष्ट होईल.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत ह्या प्राण्यांसाठी सर्वत्र कळणारे शब्द दोनच: वाघूळ किंवा वटवाघूळ, आणि पाकोळी. मोठे ते वाघूळ व लहान ती पाकोळी, असा ढोबळ भेद जुनी माणसे करीत. आता तोही पुसट होत चालला आहे. शिवाय पाकोळी हा शब्द काही भागांत एका लहान पक्ष्यासही लावतात. आमच्या माळव्याच्या शेजारी गुजरातीत मोठ्यास वागोळ आणि लहानास चामाचीडियुं म्हणतात. वाघूळ आणि वागोळ ही दोन्ही रूपे संस्कृतातील वल्गुली ह्या शब्दापर्यंत नेता येतात. अमरकोशात जतुका आणि अजिनपत्रा अशी नावे येतात, ती पक्ष्यांच्या नावांच्या ओघात. अजिन म्हणजे कातडे. जिचे पंख कातड्याचे ती अजिनपत्रा. कोशकाराने प्राण्यास पक्ष्यांत बसविले खरे. पण त्याचा पंख पिसांचा नसून कातड्याचा आहे, हे नाव रूढ करणाऱ्यांनी नीट पाहिले होते. आधुनिक प्राणिशास्त्राने ह्या गणास दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थ 'हातच ज्यांचा पंख आहे ते' असा होतो, आणि तो अगदी यथार्थ आहे. आपल्या हाताची चार बोटे शरीराच्या लांबीएवढी वाढली आहेत आणि त्यांवर पातळ कातडे ताणले आहे, अशी कल्पना केली म्हणजे वटवाघळाचा पंख समजतो. अंगठा तेवढा मोकळा असतो. त्याच्या नखाने ते भिंतीस किंवा फांदीस धरून सरकते. पिलास ते दूध पाजते. आकाशात स्वबळाने उडणारा सस्तन प्राणी हा एकच.

जगात आज सस्तन प्राण्यांच्या सुमारे साडेसहा हजार जाती मोजल्या जातात. त्यांपैकी चौदाशेंहून अधिक जाती वटवाघळांच्या आहेत. म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे एक जात वटवाघळाची. ह्यांहून अधिक जाती असलेला गण उंदीर-खारींचा तेवढा आहे. भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती आहेत. उलट, निसर्गाच्या अभ्यासात अग्रेसर असलेल्या ब्रिटनमध्ये त्यांच्या जाती अवघ्या १८. कोलंबिया आणि इंडोनेशिया ह्या देशांत त्या प्रत्येकी दोनशेंहून अधिक आहेत. ह्याहूनही बोलके उदाहरण पनामाचे. पनामा कालव्यासाठी नदी अडविली तेव्हा एका टेकडीचे बेट झाले. त्यास बारो कोलोराडो म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ पंधरा-सोळा चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मध्यम शहराएवढे. परंतु त्यावर वटवाघळांच्या सत्तरांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. संपूर्ण ब्रिटनच्या जवळजवळ चौपट जाती एवढ्याशा बेटावर!

विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाऊ लागले म्हणजे जाती कमी कमी होत जातात, हा नियम वृक्षांस, पक्ष्यांस व फुलपाखरांस लागू आहे. पण वटवाघळांच्या बाबतीत तो विशेष ठळक दिसतो. आमची उज्जयिनी ह्या दृष्टीने मोठ्या मोक्याच्या जागी वसली आहे. कर्कवृत्त नगराच्या थोडे उत्तरेकडून जाते. ज्या रेषेजवळ येथे काळगणनेची परंपरा रुजली आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने वेधशाळा बांधली, तीच रेषा भूगोलाच्या पुस्तकात उष्ण कटिबंधाची उत्तर सीमा म्हणून काढलेली असते. तेव्हा आम्ही उज्जैनकर उष्ण कटिबंधाच्या उंबरठ्यावर, परंतु आतल्या बाजूस, राहतो असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रश्न असा की, उष्ण कटिबंधातच ह्या प्राण्यांची एवढी दाटी का? अभ्यासकांनी ह्याची एकाहून अधिक कारणे सांगितली आहेत, आणि त्यांतील प्रत्येकात तथ्य आहे.

पहिले कारण अन्नाचे. थंड देशांत हिवाळ्याचे चारपाच महिने हवेत कीटक नसतात, झाडांवर फळे नसतात, फुलांत मध नसतो. तेथील वटवाघळांस कीटकांच्या हंगामात पोट भरून घ्यावे लागते व उरलेला काळ गुहेत निश्चेष्ट पडून काढावा लागतो. अशा ठिकाणी फळांवर किंवा मधावर जगणारी जात टिकणेच अशक्य. उष्ण कटिबंधात मात्र बारा महिने कोणते ना कोणते झाड फुलते वा फळते. आपल्या वड, पिंपळ, उंबर ह्यांकडेच पाहा: ह्या वर्गातील कोणते ना कोणते झाड प्रत्येक ऋतूत फळांनी लगडलेले आढळते. म्हणून आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंतच्या उबदार पट्ट्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांचे सुमारे दोनशे जातींचे एक कुळ वाढले. अमेरिकेच्या उष्ण भागात निराळ्याच कुळाने ही जागा घेतली. त्या एका कुळात कोणी फळे खातात, कोणी लांब जिभेने मध चाटतात, एक जात बेडूक पकडते आणि तीन जाती रक्तावर जगतात. ह्या तीन जाती अमेरिका खंडाबाहेर कोठेही नाहीत. आपल्याकडील वटवाघळांस रक्तपिपासू ठरविणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण इतिहासाचे. वटवाघळांचे सर्वांत जुने ज्ञात सांगाडे सुमारे ५ कोटी २० लक्ष वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच उबदार होती. ह्या गणाची बहुतेक कुळे उबेतच घडली आणि पुढे पृथ्वी थंड होत गेली तेव्हा त्यांनी ऊब सोडली नाही. थंडीत निपचित पडून राहण्याची युक्ती ज्यांना चांगली साधली अशी थोडीच कुळे उत्तरेकडे पसरली. त्यानंतरच्या हिमयुगांत उत्तरेकडील अरण्ये वारंवार बर्फाखाली गेली. उष्ण प्रदेशांत असा सर्वनाश झाला नाही. जेथे घर वारंवार मोडले नाही, तेथे कुटुंबाच्या शाखा अधिक झाल्या.

परंतु नुसते अन्न मुबलक असून भागत नाही. एका गावात एकाच मालाची शंभर दुकाने चालत नाहीत. प्रत्येकाचा माल, वेळ आणि गिऱ्हाईक निराळे असेल तरच ती चालतात. वटवाघळांनीही रात्र अशीच वाटून घेतली आहे. माळव्यातील एखाद्या जुन्या गावाची रात्र डोळ्यांपुढे आणू.

सूर्य मावळल्यावर लवकरच घरांच्या फटींतून, कौलांखालून, जुन्या दारांच्या चौकटींमागून चिमुकल्या पाकोळ्या बाहेर पडतात व दिव्याभोवतीचे डास, चिलटे, लहान पतंग टिपू लागतात. त्यांचे पंख आखूड, म्हणून त्यांस थोड्या जागेत झटकन वळता येते. त्याच घराच्या आढ्यात राहणारी, पोटाकडून पिवळसर दिसणारी जात आकाराने मोठी. तिचे भक्ष्य भुंग्यांसारखे टणक कीटक. जुन्या किल्ल्यांच्या, समाध्यांच्या भिंतींस चिकटून राहणाऱ्या काही जातींचे पंख लांब व निमुळते असतात. त्या झाडांच्या पुष्कळ वर मोकळ्या आकाशात वेगाने उडतात. गल्लीत वळणे त्यांस जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पडक्या इमारतींत एक अशी जात असते की, तिला उंदरासारखी लांब, मोकळी शेपटी असते. ती कोरड्या मुलखात राहते आणि अंगात चरबी साठवून कीटकांच्या टंचाईचे दिवस काढते. जुनी देवळे, ओसाड विहिरी, तळघरे ह्यांत मोठ्या कानांची आणखी एक जात राहते. ती बेडूक, पाली, उंदीर, प्रसंगी लहान पक्षीही पकडते, आणि पाचोळ्यातील नुसत्या खसखशीवरून भक्ष्य नेमके कोठे आहे हे ओळखते.

फळे खाणाऱ्यांतही अशीच वाटणी आहे. चिंच, वड, पिंपळ ह्यांसारख्या उंच वृक्षांवर शेकड्यांनी उलटी लोंबकळणारी ती मोठी वाघळे. रात्री अन्नासाठी ती कित्येक किलोमीटर जातात. गुहा व पडक्या इमारती ह्यांत राहणारे मध्यम आकाराचे दुसरे वाघूळ आहे. तिसरे त्याहून लहान, आखूड नाकाचे. ते ताडाच्या पानांखाली किंवा शोभेच्या उंच अशोकाच्या झाडात राहते. त्याचा नर पाने व देठ कुरतडून राहुटीसारखा आडोसा तयार करतो आणि त्यात माद्यांसह राहतो. फ्रीगंजातील बंगल्यांच्या कुंपणालगत असे अशोक रांगेने उभे आहेत. सकाळी त्यांच्या खाली पेरूचे चोथे आणि कोणत्याशा फळांच्या बिया पडलेल्या दिसल्या, तर वर कोण राहते ह्याचा तर्क करावयास हरकत नाही.

ह्या सर्वांहून सूक्ष्म वाटणी आवाजाची आहे. इटलीतील स्पालान्झानी ह्या शास्त्रज्ञाने १७९३ च्या सुमारास असे दाखविले की, दृष्टी गेलेले वटवाघूळ अंधारात बिनचूक उडते. त्याच सुमारास जिनीव्हातील झ्यूरीनने कान बंद केलेले वटवाघूळ मात्र अडखळते असे पाहिले. कोडे सुटावयास जवळजवळ दीड शतक लागले. १९३८ मध्ये अमेरिकेत डोनल्ड ग्रिफिन ह्या तरुण विद्यार्थ्याने मनुष्यास ऐकू न येणारे ध्वनी टिपणाऱ्या यंत्रापुढे वटवाघळे नेली, आणि मूक समजला गेलेला प्राणी सतत ओरडत असतो असे आढळले. आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून तो भिंत, फांदी व कीटक ओळखतो. आपले कान सेकंदास वीस हजार कंपनांपलीकडचे ऐकू शकत नाहीत. पाकोळ्यांची बोली बहुधा तेथून पुढे सुरू होते. मोकळ्या आकाशात वेगाने उडणाऱ्यांचे आवाज तुलनेने खालच्या पट्टीतले व दूर जाणारे, तर दाट पानांत शिकार करणाऱ्यांचे उंच पट्टीतले व जवळचे बारकावे सांगणारे. काही कुळे नाकाने आवाज काढतात; त्यासाठी त्यांच्या नाकावर घोड्याच्या नालेसारखी किंवा पानासारखी कातड्याची घडी असते. फळे खाणारी मोठी वाघळे ही विद्या वापरीत नाहीत. त्यांचे काम डोळे व नाक ह्यांवर चालते. गुहेत राहणारे मध्यम वाघूळ तेवढे जिभेचे टक्-टक् असे आवाज काढून काळोखात वाट शोधते.

ह्या आवाजांनी एक मोठा धडा शिकविला. युरोपात सर्वत्र आढळणारी एक अगदी साधी पाकोळी दोनशे वर्षे एकच जात म्हणून पुस्तकांत नोंदलेली होती. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिचे आवाज बारकाईने तपासले तेव्हा असे दिसले की, काही पाकोळ्या सेकंदास सुमारे ४५ हजार कंपनांवर बोलतात व काही ५५ हजारांवर. त्यांच्या वसाहती वेगळ्या आहेत आणि रक्ताचे नातेही वेगळे आहे. एका नावाखाली दोन जाती शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्या जगातील सर्वांत अधिक निरखल्या गेलेल्या प्रदेशात! आपल्या डोळ्यांस सारखे दिसते ते सारखे असतेच असे नाही.

आपल्या देशातही असे घडले आहे. १९४८ मध्ये अँगस हटन ह्या मळेवाल्या निसर्गाभ्यासकाने तमिळनाडूतील मेघमलईच्या डोंगरात एक फळवाघूळ मिळविले. ते नेहमीच्या आखूड नाकाच्या वाघळाचेच म्हणून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात ठेवले गेले. १९७२ मध्ये थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या ह्यांनी तो नमुना हाती घेतला आणि हे वाघूळ जगास सर्वस्वी नवे आहे असे ओळखून त्यास सलीम अली ह्यांचे नाव दिले. ते चोवीस वर्षे चुकीच्या नावाखाली पडून होते. पुढे जिवंत वाघूळ पुन्हा हाती लागावयास १९९३ साल उजाडले. महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक ह्यांच्या सीमांजवळ, बेळगावकडील खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत मोकळ्या शेपटीची एक जात राहते. तिचे वर्णन १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर जवळजवळ सारे शतक ती पृथ्वीवर केवळ ह्याच गुहांतून ठाऊक होती. अलीकडे मेघालय व कंबोडिया येथे ती सापडली आहे. आमच्या मध्य प्रदेशातही जबलपूरजवळच्या कटंगी येथून खजुरिया ह्यांनी १९७० मध्ये पर्णनासिक कुळातील एक नवी जात जगापुढे आणली. तेव्हा नवी जात शोधण्यासाठी ॲमेझॉनच्या अरण्यातच जावे लागते, असे नाही.

परंतु शास्त्रज्ञांनी सूक्ष्म भेद करावेत आणि समाजाने ते एका शब्दात पुसून टाकावेत, असे चालले आहे. ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण कायद्यात होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी म्हणून कावळे, उंदीर ह्यांच्या पंक्तीस फळे खाणारी वटवाघळे सरसकट बसविलेली होती. म्हणजे त्यांस मारण्यास कोणाची आडकाठी नव्हती. सलीम अली ह्यांच्या नावाचे दुर्मिळ वाघूळ पुढे त्यातून काढून संरक्षित केले गेले, कारण त्यास स्वतःचे नाव होते. बाकीची सारी, जाती वेगळ्या असूनही, एका शब्दाखाली दोषी राहिली. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

ह्या तथाकथित उपद्रवी प्राण्यांचे आपल्यावर उपकार किती आहेत, हे वनस्पतींस विचारावे. मोहाची फुले रात्री उमलतात, आणि त्यांच्या परागीभवनात व बिया दूर नेण्यात फळवाघळांचा मोठा वाटा असतो. आयुर्वेदातील दशमुळांपैकी टेटू ऊर्फ श्योनाक ह्याचे जाड, उग्र वासाचे फूल रात्री उघडते ते वाघळांसाठीच. वडाच्या आणि पिंपळाच्या बिया वाघळांच्या पोटातून बाहेर पडून गावोगाव रुजतात. मांडूस गेलेल्या वाचकांनी तेथील प्रचंड बुंध्यांचे गोरखचिंचेचे वृक्ष पाहिले असतील. तो वृक्ष मूळचा आफ्रिकेतला. त्याचे लोंबते पांढरे फूल सायंकाळी उमलते व दुसऱ्या दिवशी गळते. त्याच्या जन्मभूमीत फळवाघळे त्याचे परागीभवन करतात. आणि पाकोळ्यांचे काय? एक पाकोळी एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास कीटक खाऊ शकते. हे काम ती विनावेतन करते आणि आपण तिला घरातून हाकलतो.

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. आमच्या शाळेच्या मागील बाजूस एक जुनी चिंच आहे. तिच्यावर मोठ्या वाघळांचा मेळा कित्येक वर्षे असे. २०२० च्या उन्हाळ्यात शाळा बंद होती आणि साऱ्या जगावर संकट आलेले होते. रोग वटवाघळांपासून आला अशी बातमी घरोघर पोहोचली होती. शेजारची काही भली माणसे चिंचेच्या फांद्या तोडण्याची विनंती घेऊन आली. त्यांची मुलेबाळे होती, त्यांचे भय खरे होते. मुख्याध्यापक ह्या नात्याने आमची सही हवी होती. ती आम्ही दिली. फांद्या तोडल्या, फटाके वाजविले. तो वाघळांच्या विण्याचा काळ. कित्येक माद्यांच्या पोटाशी पिल्ले होती. ह्या प्राण्यास वर्षास एकच पिल्लू होते, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. मेळा उडून गेला तो परत आला नाही. कोठे गेला हे सांगता येत नाही.

नंतर आम्ही वाचन केले तेव्हा कळले ते असे. त्या रोगाच्या विषाणूचे जवळचे नातलग सापडले ते चीन व लाओस येथील नालेच्या आकाराच्या नाकाच्या, कीटक खाणाऱ्या लहान जातींत. मनुष्यापर्यंत तो कोणत्या मार्गाने आला, ह्याविषयी तज्ज्ञांचे अद्याप एकमत नाही. आमच्या चिंचेवरील वाघूळ निराळ्या कुळातले. भारतातील काही फळवाघळांतही त्या वर्षी त्याच वर्गाचे विषाणू आढळले होते. परंतु ते ह्या रोगाचे नव्हते. म्हणजे लाओसच्या गुहेतील एका जातीच्या नावावर आलेला आरोप आम्ही उज्जयिनीतील निराळ्याच प्राण्यावर लादला. दोघांस एकच शब्द होता, एवढाच काय तो पुरावा!

ह्यावरून वाघळांपासून काहीच धोका नाही असे कोणी समजू नये. ज्ञान दोन्ही बाजूंनी कापते. २०१८ मध्ये केरळात कोझिकोडे येथे प्राणघातक ठरलेल्या निपाह रोगाचा विषाणू ह्याच मोठ्या वाघळांत असतो. बांगलादेशात त्यांनी उष्टा केलेला खजुरीचा कच्चा रस प्याल्याने माणसे आजारी पडली आहेत. म्हणून उष्टी फळे खाऊ नयेत, उघड्या मडक्यातील कच्चा रस पिऊ नये, पडलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नये आणि चावल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा. ही खबरदारी फांद्या तोडून साधत नाही. हुसकलेला मेळा दुसऱ्याच्या अंगणात जातो, एवढेच. कोणत्या जातीपासून कोणते भय, हे नेमके माहीत असणे म्हणजेच खरी सावधगिरी. त्यासाठी जातींस नावे हवीत.

ह्या कामी मराठीच्या अभ्यासकांचे साहाय्य हवे. शास्त्रीय नावे शास्त्रज्ञांनी दिली आहेत, परंतु ती अंगणात बोलली जात नाहीत. केवळ संस्कृत समास बनवूनही भागणार नाही. मूषकपुच्छ म्हटले तर मूल विसरेल, उंदीरशेपटी म्हटले तर लक्षात ठेवील. आम्ही आमच्या वर्गात हा प्रयोग करून पाहिला. नालेसारख्या नाकाची ती नालनाकी, अशोकाच्या झाडात राहुटी करणारे ते राहुटीवाघूळ, केळीच्या वाळल्या पानात राहणारी नारिंगी-काळी ती रंगीत पाकोळी, अशी नावे मुलांनी सुचविली. ती उत्तम आहेत असा आमचा आग्रह नाही. कोकणात, विदर्भात, खानदेशात आणि आदिवासी बोलींत ह्यांहून चांगली, जुनी नावे बोलली जात असतील. ती बोलणारी माणसे आहेत तोवर टिपून घेतली पाहिजेत. पक्ष्यांच्या मराठी नावांवर आपल्याकडे पुष्कळ काम झाले. रात्रीच्या आकाशाकडे कोणी तितक्या आस्थेने पाहिले नाही.

उज्जयिनीत २०२८ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. रस्ते रुंद होतील, जुने वाडे उतरतील, काही वृक्ष जातील. नगर वाढावयाचे तर ह्यांतील काही अपरिहार्य आहे. परंतु वाडा उतरविण्यापूर्वी त्याच्या आढ्यात कोण राहते, वृक्ष तोडण्यापूर्वी त्यावर कोण लोंबते, आणि त्यांच्या विण्याचा काळ कोणता, एवढे तरी विचारले जावे. ज्याचे नाव आपण घेतो त्याच्याविषयी विचारावेसे वाटते. बिननावाचे नाहीसे झाले तरी कोणास कळत नाही.

तो सहावीतील मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्यानंतरच्या मुलांस आम्ही दर वर्षी एक सायंकाळ चौकात नेतो आणि वर पाहावयास सांगतो. खाली गिरक्या घेते ती पाकोळी, कीटक खाते. वरून जाते ते वाघूळ, मोहाच्या किंवा उंबराच्या शोधात निघाले आहे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये आणखी काही असतात, त्यांची नावे तुम्ही शोधा, असे त्यांस सांगतो. चिंचेस नवी पालवी फुटली आहे. फांद्या पुन्हा पुरेशा दाट होण्यास काही वर्षे लागतील. तोपर्यंत त्यांवर कोणी आले, तर ते कोण हे ओळखणारी मुले शाळेत असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.